दसऱ्याचं तेल

मोटारीच्या डाव्या दिव्याखाली कुंकवाचा थर इतका जाड झाला होता, की अंजनानं कडेला नख घातलं तेव्हा त्याचा तुकडा खपलीसारखा सुटून आला. तिनं तो उजेडात धरला. कापलेल्या खोडावर दिसाव्यात तशा त्यात रेघा होत्या. एक तांबडी, मग एक काळपट, मग पुन्हा तांबडी. तांबडी रेघ दसऱ्याची, काळपट रेघ पुढच्या दसऱ्यापर्यंत बसलेल्या धुळीची. मधेच एका ठिकाणी तांदळाचा अर्धा दाणा चिकटलेला होता आणि तो किडीनं आतून पोखरला होता. तिनं तुकडा खाली टाकला आणि बोट पदराला न पुसता भिंतीला पुसलं.

"काय बघतीस एवढं?" दारातून नाथाजी म्हणाला. "मोटार चालू कर म्हटलंय. मोटारीचं वय काढ म्हटलं न्हाई."

नवऱ्याला उत्तर द्यायचं नाही, ही सवय अंजनाला लागून इतकी वर्षं झाली होती की तिला ती सवय वाटतही नसे.

मोटार गोठ्याच्या टोकाला, कडब्याशेजारच्या पत्र्याच्या छपरात उभी होती. घरात या छपराला मोटारखाना म्हणत. दर खंडेनवमीला मोटारीचं तोंड धुतलं जाई, दिवे पुसले जात, झेंडूची माळ चढे. मागची बाजू कुणी धूत नसे, कारण पूजेला उभं राहिलं की ती दिसत नसे. मागच्या काचेवर कोंबड्यांनी इतकी घाण केली होती की काच आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच कळावं. डाव्या मागच्या दाराच्या फटीतून गाजरगवत आत गेलं होतं आणि उजेड न मिळाल्यामुळे पांढरं पडून वाढलं होतं.

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, ऊस बरा आला होता आणि नाथाजीची मान पुन्हा ताठ झाली होती. गणपतीत कारखान्याच्या सभेला गेला असताना त्यानं तासगावकडच्या दादासो पाटलांना शब्द दिला होता. दादासोंच्या पोराचं, कृष्णातचं, खतांचं दुकान होतं, द्राक्षाची बाग होती. त्याला आपली लेक शालू द्यायची आणि शालूसोबत मोटार.

"मग मेस्त्री बोलवा की," अंजना पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"मेस्त्री? इस्लामपूरच्या मेस्त्रीची सासुरवाडी तासगावात. सकाळी हितं पाना लावला की सांजच्याला थितं बातमी. मी पावण्यांस्नी सांगितलंय, मोटार झाकून ठिवलीया. बंद हाय म्हटलं न्हाई." मग त्यानं आवाज खाली आणला, म्हणजे त्याला काम सांगायचं होतं. "तू सायन्स शिकवतीस न्हवं पोरास्नी? मग घरात मेस्त्री असताना भाईर कशाला जायाचं? दसऱ्याला पावणं येत्यात. शिवंवर सोनं लुटायला मोटारीतनं जायाचं, परत यिऊन सुपारी फोडायची."

अंजना गावच्या हायस्कुलात सायन्स शिकवत होती. सांगलीची मुलगी, रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली. हायस्कूल निघालं तेव्हा सायन्सला माणूस मिळेना म्हणून घरच्यांनी तिला जाऊ दिलं. पगार घरात येऊ लागल्यावर जाऊ दिलं की नाही हा प्रश्नच उरला नाही. मोटारीतलं तिला काहीही ठाऊक नव्हतं. इंजिनाचे चार धक्के ती फळ्यावर खडूनं काढत असे. चार चौकोन, चार बाण. तो फळा आणि हे छप्पर यांचा काही संबंध असेल असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

मोटार तिच्या वडिलांची होती. ते कोयनेच्या कामावर ओव्हरसियर होते. धरणावरचा एक साहेब बदलून गेला तेव्हा त्याची मॉरिस त्यांनी घेतली आणि ती ते जिवापाड जपत. लग्न ठरताना नाथाजीच्या वडिलांनी ती मागितली. बोलणी सांगलीच्या घरात, ओसरीवर झाली. अंजना पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा ओसरी रिकामी होती. पाहुणे अंगणात मोटारीभोवती फिरत होते. कुणी बॉनेटवर टिचकी मारत होतं, कुणी भोंगा वाजवत होतं, एकानं टायरला लाथ मारून बघितली. ती ट्रे धरून उभी राहिली. पोहे गार झाले. मग ती आणि मोटार एकाच दिवशी या घरी आल्या.

पितृपंधरवडा लागला होता. या दिवसांत कुणी सोयरिकीचं बोलत नाही, तेवढीच तिला मोकळीक होती. शाळा सुटली की ती जुनं लुगडं नेसून छपरात जाई. शालू इस्लामपूरहून कॉलेजच्या एस. टी.नं येई आणि दप्तर कडब्यावर टाकून तिच्या शेजारी बसे. ती त्या वर्षी अकरावी होऊन कॉलेजात सायन्सला गेली होती. डोळे नाथाजीचे होते आणि जीभ कुणाचीच नव्हती.

"आई, ही सीट उचलू नकोस," ती म्हणाली. "हिच्यात कुणीतरी राहतंय."

अंजनानं सीट उचलली. काथ्याच्या आत उंदरांचं घर होतं. कापूस, सुतळी, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि त्यांच्यामध्ये चार-पाच पिलं, मरून वाळलेली, चिंचेच्या आकोड्यांसारखी वाकडी. वास इतका दाट होता की तो नाकानं घेतल्यासारखा न वाटता जिभेवर ठेवल्यासारखा वाटला. शालू बाहेर जाऊन थुंकली. अंजनानं श्वास रोखून सगळं सुपात भरलं आणि उकिरड्यावर नेऊन टाकलं. हात राखेनं धुतले, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं.

मोटारीचं एक पुस्तक होतं. ते वाळवीनं खाल्लं होतं आणि टायरमध्ये हवा किती भरावी एवढंच पान धड उरलं होतं. बाकीचं तिनं रोज थोडं थोडं उकललं. पेट्रोलच्या टाकीतून जे निघालं त्याला पेट्रोलचा वास नव्हता. शिळ्या रोगणाचा आणि आंबलेल्या फळांचा होता. रेडिएटरची तोटी सोडली तेव्हा आधी काहीच आलं नाही, मग तांबडा गाळ आला आणि गाळामागून बेडकाचं एक कातडं. ती हे सगळं जुन्या घमेल्यांत वेगवेगळं धरत होती, सवयीनं. प्रत्येक घमेलं उचलताना ती तोंड फिरवत होती, आणि तरीही शाळेतून येताना तिची पावलं भरभर पडत. तिला हे कळत होतं आणि त्याचीही तिला थोडी किळस वाटत होती.

"आई," एकदा शालू म्हणाली, "ही चालू झाली तर मी जाणार. आणि तू तर हिला इतकं मन लावून घासतेस."

"रॉकेल दे," अंजना म्हणाली.

हँडल फिरेना. पुढून मोटारीच्या पोटात घालायचं ते लोखंडी हँडल, पण दोघींनी जोर लावला तरी ते सुतानंही हललं नाही. दुसऱ्या दिवशी अंजना वजीरच्या पिठाच्या गिरणीवर गेली. वजीरनं गिरणीचं इंजिन स्वतःच उघडून स्वतःच बसवलं होतं. त्याच्या भुवयांवर नेहमी पीठ असे, त्यामुळे तो कायम चकित झाल्यासारखा दिसे.

"वजीरभाई, एखाद्याचं इंजिन बरीच वर्षं बंद असेल आणि फिरत नसेल, तर..."

"एखाद्याचं म्हंजी तुमचंच न्हवं, बाई?"

अंजनानं मागं वळून रस्त्याकडे पाहिलं.

"आवं, गावाला म्हाईत हाय की! पोरं काय म्हनत्यात ठावं हाय? सगळ्यांचं घट नवरात्रात बसत्यात न् दसऱ्याला उठत्यात. नाथाजीरावांची मोटार बसली ती बसलीच." तो हसला, मग तिच्याकडे पाहून त्यानं हसू आवरलं. "ऱ्हाऊ द्या. पानं देतो, घिऊन जावा. आन् हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच अंगाला ठिवा. उलटं मारलं तर मोडंल."

म्हणजे झाकलेलं काहीच नव्हतं. झाकण तेवढं घरच्यांच्या डोळ्यांवर होतं. पान्यांची पिशवी घेऊन ती परत आली तेव्हा नाथाजी दारात उभा होता. "कुणी बघितलं न्हाई न्हवं?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं. ती म्हणाली, "नाही."

रविवारी ती पोतं अंथरून मोटारीखाली शिरली. जुनं तेल काढून टाकायचं आणि नवं भरायचं, एवढं तिला कळत होतं. इंजिनाच्या तळाशी लोखंडी चेंबर असतं, तेल त्यात साठतं. तिनं त्याच्या बुडाचा बोल्ट काढला, खाली घमेलं धरलं आणि वाट पाहिली. थेंब पडला नाही. तिनं भोकात तुरकाठी घातली. काठीला मधासारखी तार आली, पण मधासारखी ती खाली सुटली नाही, लोंबकळत राहिली.

मग तिनं चेंबरच उतरवलं. बोल्ट एकेक करून काढताना दुपार गेली. चेंबर खाली आलं तेव्हा शालूनं तोंडावर ओढणी धरली. आत काकवीच्या रंगाचं काहीतरी थिजलं होतं आणि त्याच्यावर सायीसारखी सुरकुतलेली कातडी धरली होती. अंजनानं ती कातडी बोटानं दाबली. ती दबली आणि फाटली नाही. जिवंत नसलेल्या, पण पुरतं मेलेलंही नसलेल्या जनावराला हात लागावा तसं तिला झालं.

तिनं बोट नाकाशी नेलं. हा इंजिन तेलाचा वास नव्हता. हा वास तिला रोजचा होता. स्वयंपाकघरात तेलाची किटली ठेवतात त्या फळीवर असा पिवळा चिकटा धरतो, तो सोड्यानं घासला तरी जात नाही, आणि त्यावर बसलेली माशी तिथंच मरते. त्या फळीचा हा वास होता. आठवीला ती दरवर्षी शिकवत असे. काही तेलं हवा पिऊन घट्ट होतात, म्हणून जवसाचं तेल रंगात घालतात. जवस, आणि करडई.

"शालू, आज्जीला बोलव."

साळूबाई आल्या. गुडघ्यावर हात देऊन, पदर नाकाला लावून.

"आत्याबाई, हिच्यात करडईचं तेल कुणी घातलं?"

"मी. म्हंजी काय?" साळूबाईंना प्रश्नच कळेना. "दसऱ्याला तेल घालायचं न्हवं तिला? तुझा सासराच म्हनायचा, इंजिन तेलावर चालतंया. पूजा झाली की मी घालती. घाण्याचं, चोख. मारुतीला वाहती त्यातलंच. पैल्यांदा तांब्याभर घालत हुती, आता म्हागाईनं वाटीवर आलंया." मग त्यांनी चेंबरमध्ये डोकावून बघितलं. "ह्ये त्येच हाय व्हय? मग सगळं ऱ्हायलंय की. आगं बया!"

अंजनाला दसऱ्याची ती संध्याकाळ आठवली. शालू तेव्हा नुकती चालू लागली होती. पूजा करून, तेल घालून नाथाजी मोटार घेऊन शिवेवर गेला होता, दरवर्षीच जाई. आपट्याची पानं लुटून परत फिरताना मोटार कण्हली आणि थांबली ती थांबलीच. बैल जुंपून ओढत आणली. गावासमोर मान खाली गेली, ती नाथाजीनं ओसरीवर येऊन वर काढली. "तुझ्या बापानं मोडकी मोटार गळ्यात मारली." वडील सांगलीहून एस. टी.नं आले होते, हत्यारांची पेटी घेऊन. नाथाजीनं त्यांना बॉनेट उघडू दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या, फसवायचं ते फसवून झालं." ते पेटी घेऊन तसेच परत गेले. पुढे जितकी वर्षं जगले तितकी वर्षं अंजना माहेरी गेली की ते मोटारीचं विचारायचे नाहीत. आणि अंजनाही मनातून तेच धरून बसली होती, की बाबांनी जुनी गाडी दिली आणि सांगितलं नाही.

तिनं स्वयंपाकघरातून उलथणं आणलं आणि चेंबर खरवडायला सुरुवात केली.

"आगं, भाकरीचं उलथणं त्ये!" साळूबाई ओरडल्या.

"तेल पण भाकरीचंच आहे, आत्याबाई."

उलथण्याखाली चिकटा दोरे ओढत निघत होता आणि तिच्या हातांच्या रेघांत, नखांत, कोपरापर्यंत चढत होता. रेशनचं महिन्याचं रॉकेल त्यात संपलं. प्लग काढून त्या भोकांतून तिनं रॉकेल ओतलं, ते मुरू दिलं, रोज हँडल थोडं पुढे, थोडं मागे हलवलं. घट बसले त्या दिवशी हँडल एकदम मऊ होऊन फिरलं आणि ती तोल जाऊन मोटारीच्या दिव्यावर आपटली. कपाळाला कुंकू लागलं. ते तिनं घासून घासून पुसलं.

चेंबर परत बसवलं, ट्रॅक्टरची बॅटरी लावली, चांगलं तेल आणि पेट्रोल आलं. पेट्रोल त्या वर्षी अत्तरासारखं महाग झालं होतं, पण नाथाजीनं एक शब्द काढला नाही. तो पांढरंशुभ्र धोतर नेसून बघायला उभा राहिला. प्लगच्या चारही वायरी अंजनानं एकाच वेळी उपसल्या होत्या आणि कुठली कुठं होती ते लिहून ठेवलं नव्हतं. शाळेत बाटलीवर चिठ्ठी न लावणाऱ्या पोराला ती बाकावर उभी करत असे. तिनं अंदाजानं वायरी लावल्या आणि हँडल मारलं. मोटार मागून फाडकन फुटली आणि सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी, जाळी आणि कसलीशी पिसं नाथाजीच्या धोतरावर गेली.

"तुझ्या आयला!" नाथाजी दोन हात मागं उडाला. "ह्ये सायन्स व्हय तुझं?"

शालू कडब्याच्या मागं तोंड लपवून हसत होती. त्या दिवसांत अंजनानं तिला हसताना तेवढं एकदाच पाहिलं.

खंडेनवमीच्या सकाळी वायरींचा क्रम जुळला, असं तिला गणितानं कळत होतं. पण आता ठिणगीच येईना. कालपर्यंत येत होती. तिनं बॅटरी बघितली, वायरी बघितल्या, शेवटी वीज वाटणारी ती गोल डबी उघडली. आत अंगठ्याच्या पेराएवढा काळा तुकडा असतो, तो फिरत फिरत चारी प्लगांना पाळीपाळीनं वीज देतो. तो तुकडा जागेवर नव्हता. उंदीर नेईल अशी ती वस्तू नव्हती आणि डबीला क्लिपा होत्या.

शालू खांबाला टेकून उभी होती. उजवी मूठ तिनं ओढणीत गुंडाळली होती.

"शालू, मूठ उघड."

"मूठ उघडली की मी गेले, आई."

अंजना म्हणाली, "मला ती एकदा चालू झालेली ऐकायची आहे. बाबांची गाडी आहे."

"आणि मी?"

अंजनाच्या तोंडात उत्तर होतं. ते आजचं नव्हतं. मुलगी झाली त्या दिवशी घोड्यावरून पडल्यासारखं तोंड केलेली घरातली माणसं पाहिली, तेव्हापासूनचं होतं. पण बाहेर अंगणात नाथाजीचं खाकरणं ऐकू आलं आणि ते उत्तर नेहमीप्रमाणे तोंडातच राहिलं. शालूनं वाट पाहिली. मग तो काळा तुकडा मडगार्डवर, कुंकवाच्या थरावर ठेवला आणि मागे न बघता निघून गेली.

दुसऱ्या झटक्याला मोटार सुरू झाली. आधी खोकली, मग अडखळली, मग तिनं एक लय धरली. कितीही घासलं तरी आत कुठंकुठं करडई उरलीच होती. तिचा धूर निघाला आणि सगळ्या अंगणात भजी तळल्याचा वास सुटला. शेजारची कुत्री येऊन हुंगायला लागली. नाथाजी धावत आला, त्यानं बॉनेटवर थाप मारली. "झाली की गं! मी म्हटलंच हुतं पावण्यांस्नी, झाकून ठिवलीया म्हनून!" अंजनाला वडिलांच्या अंगणातला इंजिनाचा तो आवाज ओळखू आला. तिच्या छातीत काहीतरी भरून आलं, आणि त्याच क्षणी भिंतीशी उभ्या असलेल्या शालूकडे तिची नजर गेली. शालू तिच्याकडे बघत होती. पोह्यांचा ट्रे हातात धरून आपण त्या अंगणातल्या माणसांकडे जसं बघत होतो, तसं.

दसऱ्याला दुपार कलल्यावर तासगावची जीप आली. दादासो पाटील धिप्पाड, तोंडात तंबाखू. मागे दोन माणसं आणि कृष्णात. कृष्णात मऊ होता, सारखा घड्याळाची चावी फिरवत होता. नाथाजीनं त्यांना ओसरीवर बसायला सांगितलं, पण दादासो सरळ अंगणाच्या मधे उभ्या केलेल्या मोटारीकडे गेले. तिचं तोंड धुतलेलं होतं आणि यंदा पहिल्यांदाच मागची बाजूही. नवी माळ, नवं कुंकू.

दादासोंनी बॉनेटवर टिचकी मारली. दार उघडून मिटून बघितलं. भोंगा दाबला. मग वाकून मागच्या टायराकडे पाहिलं आणि त्या टायराशेजारीच पिचकारी टाकली. तपकिरी शिंतोडे चाकावर उडाले. अंजनानं ते चाक कालच ब्रशनं धुतलं होतं.

"मागल्या टायरी बदलाव्या लागत्याल," दादासो म्हणाले. "रंग बी द्या एक हात. आन् दिवाळीपातूर पोरीचं कालीज बंद करा. हिंडनं-फिरनं बास."

"व्हय, व्हय. त्ये काय," नाथाजी म्हणाला.

शालू चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिच्याकडे अजून कुणी बघितलं नव्हतं. कपांवर साय धरत होती.

"चालू करा की, बघू."

नाथाजीनं खूण केली. पाहुण्यांच्या देखत बायकोनं हँडल मारावं हे त्याला बरं वाटलं नाही, पण त्याला ते मारता येत नव्हतं. अंजना पुढं झाली, अंगठा बोटांच्याच अंगाला ठेवला आणि हँडल फिरवलं. मोटार सुरू झाली. दादासोंची माणसं हसली. "आवाज झ्याक हाय," एक जण म्हणाला. "पर वास कसला रं? भजी केल्यात काय पावण्यांनी?"

इंजिन चालू ठेवूनच नाथाजीनं बॉनेट उघडून दाखवलं. तेवढ्यात साळूबाई वाटी घेऊन आल्या. नवी कोरी पितळी वाटी, काठोकाठ करडईचं तेल, वर झेंडूची एक पाकळी तरंगत होती.

"आत्याबाई, नको," अंजना म्हणाली.

"आगं, सणाचं..."

"घाल गं आये तू," नाथाजी हसत पाहुण्यांकडे बघत म्हणाला. "रीत हाय आमच्यात."

साळूबाईंनी इंजिनात तेल घालायच्या तोंडावरचं झाकण काढलं. अंजनानं त्या तोंडावर तळहात ठेवला. खालून इंजिनाची थरथर तिच्या हाडांत शिरत होती. साळूबाईंनी वाटी तिरकी केलेलीच होती. तेल अंजनाच्या हातावर पडलं, बोटांच्या फटींतून ओघळलं आणि तापत चाललेल्या लोखंडावर चर्रकन वाजलं.

"हात काढ," नाथाजी म्हणाला. हसू तोंडावर तसंच होतं.

"या तेलानं बंद पडली होती ती. दरवर्षी तुम्ही हेच घातलंत. माझ्या वडलांनी धडधाकट गाडी दिली होती."

साळूबाई रिकाम्या वाटीकडे बघत राहिल्या. नाथाजीची नजर गावकऱ्यांकडे गेली. कुंपणाबाहेर माणसं जमली होती आणि त्यांत वजीर होता, भुवया पांढऱ्या.

दादासोंना यातलं काही कळलं नव्हतं किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्यांनी तंबाखूचा चोथा तोंडात या गालातून त्या गालात नेला.

"मागलं मागं गेलं, वयनी. आता चालतीया न्हवं? बास झालं." ते नाथाजीकडे वळले. "फोडा सुपारी. मोटार पसंत हाय आमाला."

अंजनानं हात उचलला. तेल मनगटावरून कोपराकडे चाललं होतं. तिनं तो पुसला नाही. खाली वाकून झाकण उचललं, तेलाच्या तोंडावर बसवलं, घट्ट फिरवलं. उंबऱ्यातल्या ट्रेमध्ये कप एकमेकांवर बारीक वाजत होते.

"मोटार न्या," ती म्हणाली. इंजिनाच्या आवाजात ऐकू जाईल एवढं मोठ्यानं, आणि तेवढंच. "शालू मी देणार नाही."